वळणावर वायपर

पाथर्डी फाट्यावर, टायरवाल्याच्या शेजारी
माझ्या चार गाड्या उभ्या असतात.
काळ्या पाट्या, पिवळे आकडे.
न्या, स्वतः चालवा, आणून द्या.

जानेवारीत मोरिकावा आले.
साठीचे. गळ्यात दुर्बीण,
हातात परवान्याची करडी पुस्तिका,
तिच्यात त्यांचा फोटो असा बसलेला
जसा शाळेच्या पहिल्या दिवशी मुलगा बसतो.
मोजक्या इंग्रजीत म्हणाले, पक्षी बघायचेत.
'नांदूरमध्यमेश्वर' मात्र अख्खं म्हणाले,
न अडखळता, खडीसाखर घोळवावी तसं.
मी म्हटलं, ड्रायव्हर देते, दिवसाला आठशे जास्त.
मान हलली. नको.

मग गाडीभोवती फिरलो दोघं.
फॉर्मवर गाडीचं चित्र असतं, वरून पाहिलेलं,
पाय आत घेतलेल्या कासवासारखं.
जुन्या ओरखड्यांवर मी फुल्या मारत गेले:
हा कसाऱ्याचा. हा मॉलच्या पार्किंगमधला.
हा माझाच, शिकत होते तेव्हा, गेटला.
त्यांनी वाकून आणखी एक दाखवला,
मागच्या दाराच्या मुठीखाली, नखाएवढा.
चार वर्षांत मला तो दिसला नव्हता.

विचारलं, इथे हॉर्नचा अर्थ काय?
मी म्हटलं, राग नव्हे. 'मी इथे आहे', एवढंच.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

निघाले, आणि फाट्यावर वळताना
सिग्नलच्या जागी वायपर हलले.
त्यांच्याकडे दांड्या उलट्या.
रस्त्याची बाजू आपलीच, स्टिअरिंग आपल्याच हाताला,
फक्त बोटांना सापडणारी दांडी दुसरी.
सगळं सारखं असलं की तेवढंच चुकतं.
जुबेर हसला. मी हसले नाही.
म्हणजे, नंतर हसले.

तिसऱ्या दिवशी साडेआठला फोन.
चांदोरीच्या चौफुलीवरून कडलग, दूधवाला:
"ताई, तुमचा पाव्हणा मधीच थांबला ना!
म्हातारी रस्ता ओलांडती म्हणून थांबला.
असं कोण थांबतं का?"
स्कूटर काढली. पोचले तर
टपरीच्या बाकड्यावर दोघं, दोन कटिंग,
बंपरला कॅनचा खोलगट ठसा,
डांबरावर दूध, दुधात एक कुत्रं.
आणि कडलग मराठीतच, फक्त मोठ्यानं,
सायखेड्याचा जवळचा रस्ता समजावत होता.
दुधाचे बाराशे देऊन झाले होते.
म्हातारी कधीचीच निघून गेली होती.

संध्याकाळी फॉर्म परत आला.
कासवाच्या शेपटीशी त्यांनी खळगा काढलेला,
पट्टीनं मोजून. खाली वेळ: आठ वाजून सात.
मी डिपॉझिटमधून अठराशे कापले. धंदा आहे.
त्यांनी दोन्ही हातांनी पावती घेतली,
कापल्याबद्दल आभार मानले.
पक्षी दिसले का?
"खूप. कांद्याचे ट्रॅक्टर त्याहून खूप.
अकरा किलोमीटर एकाच्या मागे होतो.
हॉर्न दिला नाही.
मी तिथे आहे, हे त्याला माहीत होतं."

रात्री गाडी गॅरेजला नेताना
सीट पुढे ओढलेली, गुडघे डॅशबोर्डला टेकले.
काचेवर निफाड तालुक्याची धूळ,
आणि धुळीत दोन कमानी, स्वच्छ.
जवळून पाहिलं तर बारीक रेघाही,
कोरडं घासल्याच्या.
जितक्या वेळा त्यांना वळायचं होतं
तितक्या वेळा पुसली गेलेली काच.
मुंबई नाक्याचा सिग्नल तिच्यातून
तांबडा दिसला, नुसता तांबडा,
आणि मागून सगळे सांगत होते, आम्ही इथे आहोत.

सकाळी सातपूरचं कुटुंब, शिर्डीचं बुकिंग.
जुबेर पाइप घेऊन तयार.
म्हटलं, काच राहू दे का आजच्या दिवस?
तो म्हणाला, ताई, गिऱ्हाईक काय म्हणेल?
बरोबर होतं त्याचं.
मी नवा फॉर्म घेतला, फुल्या मारायला लागले.
आधी मुठीखालची. नखाएवढी.